मतपेटी आणि छावणी : पश्चिम आफ्रिका, एका रमजानपासून दुसऱ्या रमजानपर्यंत

एका रमजानमधली गोष्ट. तारीख २४ मार्च २०२४, वार रविवार. आफ्रिका खंडाच्या अगदी पश्चिम टोकाला असलेल्या सेनेगल या देशात राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान होते. या देशातले बहुतांश लोक मुस्लिम, त्यामुळे रांगेत उभे असलेले बहुतेक जण रोजेदार. पहाटे सहरी उरकून, नमाज पढून लोक बाहेर पडले आणि आठ वाजता केंद्रे उघडायच्या आतच काही ठिकाणी रांगा लागल्या. तिथे आपल्यासारखे यंत्र नाही. टेबलावर १९ उमेदवारांच्या १९ वेगवेगळ्या मतपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असतात. मतदार त्या उचलतो, पडद्याआड जातो, हवी ती लिफाफ्यात घालतो आणि लिफाफा पेटीत टाकतो. बोटाला शाई मात्र आपल्यासारखीच.

संध्याकाळी सहाला मतदान संपले आणि त्याच खोल्यांमध्ये मोजणी सुरू झाली. डाकार या राजधानीत त्या दिवसांत सूर्य सव्वासातनंतर मावळतो. रोजा सोडण्याला तिकडे ‘न्दोगू’ म्हणतात: खजूर, लोणी लावलेला पाव आणि मसाल्याची कडक ‘तूबा’ कॉफी. न्दोगू आटोपतो न आटोपतो तोच केंद्राकेंद्रांवरचे आकडे रेडिओ-टीव्हीवर येऊ लागले आणि रात्र चढेपर्यंत अनेक उमेदवारांनी बासिरू दियोमाये फाय यांचे अभिनंदनही करून टाकले. सत्ताधारी पक्षाचे उमेदवार अमादू बा यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी फोन केला. त्या दिवशी फाय यांचा ४४ वा वाढदिवस होता.

आणि दहा दिवसांपूर्वी हेच फाय तुरुंगात होते.

रमजानच्या पानावर आफ्रिकेचे राजकारण कशाला, असे एखाद्या वाचकाच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत ‘मुस्लिम देश’ हा शब्द असा वापरला जातो की जणू मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत एकच माणूस राहतो. ‘आफ्रिका’ या शब्दाचीही तीच गत. पन्नासाहून अधिक देशांचा खंड, आणि आपण म्हणतो ‘आफ्रिकेत असंच चालतं’. २०२४ च्या रमजानपासून २०२५ च्या रमजानपर्यंतचे पश्चिम आफ्रिकेचे वर्ष पाहिले, तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. धर्म तोच, फ्रेंच गुलामगिरीचा इतिहास तोच, नोटासुद्धा त्याच (सेनेगल, माली, बुर्किना फासो आणि नायजर या चारही देशांत एकच सीएफए फ्रँक चालतो), तरुणांचा रागही तोच. वाटा मात्र दोन.

सेनेगलची वाट सरळ नव्हती, हे आधी सांगायला हवे. मुळात ही निवडणूक २५ फेब्रुवारीला व्हायची होती. दोन कारकीर्दी पूर्ण केलेले राष्ट्राध्यक्ष मॅकी साल यांनी ३ फेब्रुवारीला, प्रचार सुरू व्हायला काही तास असताना, टीव्हीवर येऊन ती पुढे ढकलल्याचे जाहीर केले. उमेदवारांच्या यादीवरून वाद आहे, असे कारण दिले. दोन दिवसांनी संसदेत ठराव आला. विरोध करणाऱ्या खासदारांना जवानांनी सभागृहाबाहेर काढले आणि १०५ विरुद्ध १ अशा मतांनी निवडणूक १५ डिसेंबरवर गेली. मोबाइल इंटरनेट बंद झाले. लोक रस्त्यावर आले, अश्रुधूर सुटला, गोळ्या चालल्या. तिघे मेले. त्यांतला एक सँ-लुईच्या विद्यापीठातला विद्यार्थी होता. मी रोज ज्या वयाच्या मुलांना शिकवतो, त्याच वयाचा.

सेनेगल स्वतंत्र झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, तिथे एकदाही लष्करी बंड झालेले नाही. शेजारच्या देशांत मात्र २०२० नंतर बंडांची रांग लागली होती: मालीत दोनदा, बुर्किनात दोनदा, गिनीत, नायजरमध्ये. त्यामुळे आता सेनेगलचीही पाळी, असे अनेकांना वाटत होते. पण दोन गोष्टी घडल्या. पहिली, लष्कर छावणीतच राहिले. दुसरी, घटना परिषद नावाच्या सात न्यायाधीशांच्या मंडळाने १५ फेब्रुवारीला निकाल दिला की राष्ट्राध्यक्षांचा हुकूमही चूक आणि संसदेचा कायदाही घटनेविरुद्ध. हे साल यांच्याच काळातले न्यायाधीश होते. निकालानंतर दोन दिवसांनी डाकारमध्ये हजारो लोकांचा शांत मोर्चा निघाला. नागरी संघटनांनी मिळून ‘आर सुनू इलेक्सियों’ हा मंच उभा केला होता. वोलोफ भाषेतल्या त्या नावाचा अर्थ, ‘आपली निवडणूक राखा’.

साल यांनी निकाल मानला. कुरकुरत मानला, सर्वपक्षीय बैठक घेऊन २ जूनची तारीख पुढे करून पाहिली, पण परिषदेने तीही फेटाळली. आपली मुदत २ एप्रिलला संपते, त्यापुढे आपण खुर्चीत राहणार नाही, हे साल यांना अखेर जाहीर सांगावेच लागले होते. शेवटी २४ मार्च ठरली. म्हणजे प्रचार रमजानमध्ये. सभा रात्री, तरावीहच्या नमाजच्या वेळा सांभाळत. आपल्याकडेही नेमक्या त्याच दिवसांत, १६ मार्चला, लोकसभेचा कार्यक्रम जाहीर झाला होता. पण आपल्या वर्तमानपत्रांत सेनेगलला कोपऱ्यातल्या चार ओळींपलीकडे जागा मिळाल्याचे मला आठवत नाही.

फाय हे खरे तर बदली उमेदवार. तरुणांचा लाडका नेता उस्मान सोंको. पूर्वी कर खात्यात अधिकारी. नोकरीत असतानाच पक्ष काढला, मग तिथल्या गैरव्यवहारांवर बोलला म्हणून नोकरी गेली. खटले झाले, पक्ष बरखास्त झाला आणि अपात्र ठरवून त्यांचे नाव यादीतून काढले गेले. म्हणून त्यांनी आपल्याच खात्यातला जुना सहकारी पुढे केला. घोषणा अगदी साधी होती, ‘दियोमाये म्हणजेच सोंको’. १४ मार्चच्या रात्री दोघे एकदमच सुटले, दहा दिवसांत मतदान झाले, आणि फाय यांना पहिल्याच फेरीत ५४ टक्के मते मिळाली. २ एप्रिलला शपथविधी झाला. सोंको पंतप्रधान झाले.

ज्या कायद्याने या दोघांची सुटका झाली, त्याबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण आनंदाच्या बातमीत ते मागे पडले. ६ मार्चला संसदेने सार्वत्रिक माफीचा कायदा केला. फेब्रुवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२४ या तीन वर्षांतल्या राजकीय आंदोलनांशी जोडलेले सगळे गुन्हे माफ. शेकडो तरुण तुरुंगातून घरी आले, हे चांगलेच झाले. पण या तीन वर्षांत निदर्शनांत किमान ४० माणसे मेली, अशी मानवी हक्क संघटनांची नोंद आहे, आणि ज्यांनी गोळ्या झाडल्या तेही या माफीत आले. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराने कोणाकडे दाद मागायची? कुरआनमध्ये माफ करण्याची मोठी फजीलत सांगितली आहे, म्हणजे ते फार पुण्याचे मानले आहे. पण तिथे माफ करण्याचा हक्क वारसांना दिलेला आहे, सरकारला नाही. हा कायदा रद्द करू, असे नव्या सरकारने वर्षअखेरीस सांगितले. ते कसे करणार, कारण त्यात त्यांचे स्वतःचे कार्यकर्तेही येतात, हा पेच २०२५ च्या रमजानपर्यंत सुटलेला नव्हता.

एक गोष्ट मात्र मन सुखावणारी. त्या वर्षी रमजान आणि ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळ एकाच वेळी आले होते. सेनेगलमध्ये ख्रिस्ती लोक अगदी थोडे, शंभरात चार-पाच. गुड फ्रायडेला ते ‘न्गालाख’ नावाचा गोड पदार्थ करतात आणि पातेली भरभरून मुस्लिम शेजाऱ्यांकडे पाठवतात. बकरी ईदला मांस उलट दिशेने जाते. बाजरीच्या रव्यात शेंगदाण्याचे कूट आणि बाओबाब झाडाच्या फळाचा आंबट गर घालून हा न्गालाख होतो. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. अरबी आणि आफ्रिकी व्यापाऱ्यांबरोबर ती समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आली असे मानतात, आणि कोकणात, मुंबईत तिचे जुने, पोटफुगे वृक्ष अजून उभे आहेत. २०२४ मध्ये गुड फ्रायडे २९ मार्चला आला, भर रमजानात. मग न्गालाख झाकून ठेवायचा आणि मगरिबच्या अजाननंतर खायचा.

या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी लिओपोल सेदार सेंघोर, हे कॅथलिक होते. पंच्याण्णव टक्के मुस्लिमांच्या देशावर त्यांनी वीस वर्षे राज्य केले, तेही तिथल्या सूफी सिलसिल्यांच्या पाठिंब्यावर. तिजानिया, मुरीद, कादरिया असे तिथले सिलसिले आहेत. यांतला कादरिया आपल्या दख्खनच्या दर्ग्यांमुळे आपल्याही ओळखीचा. या पीर-मुर्शिदांचा शब्द मुरीदांसाठी हुकूम असे. १९८८ च्या निवडणुकीत मुरीद सिलसिल्याच्या खलिफांनी एका उमेदवाराला मत द्या असा उघड आदेशच दिला होता. नंतरच्या खलिफांनी असा आदेश देणे टाळले. माझ्या मते सेनेगलच्या लोकशाहीसाठी ही एक मोठी घटना होती, जरी ती कोणत्याही घटनेत लिहिलेली नाही. पीर आदरणीय, पण मतपत्रिका ज्याची त्याची.

आता शेजारच्या मालीकडे वळू. सेनेगलमध्ये मतदान झाले २४ मार्चला. मालीच्या लष्करी सरकारने नागरी सरकारकडे सत्ता सोपवण्याची जी तारीख स्वतःच दिली होती, ती होती २६ मार्च २०२४. दोन दिवसांचे अंतर. ती तारीख आली आणि गेली, कर्नल असिमी गोयता जागचे हलले नाहीत. मार्चअखेर ऐंशीहून अधिक पक्ष आणि संघटनांनी एकत्र येऊन निवडणुकीची मागणी केली. उत्तर १० एप्रिलला आले, ईदच्या सुमारास: पुढील आदेशापर्यंत सर्व राजकीय पक्षांच्या हालचालींवर बंदी. ईदी मिळावी तशी ही बंदी मिळाली.

त्याच दिवसांत मालीत उष्णतेने कहर केला होता. ३ एप्रिलला काय शहरात ४८.५ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. चंद्रपूर-अकोल्याच्या वाचकांना उन्हाळा सांगायची गरज नाही, पण हा त्यांनाही जड गेला असता. बामाकोच्या गाब्रिएल तुरे रुग्णालयात १ ते ४ एप्रिल या चार दिवसांत १०२ मृत्यू झाले. आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या अख्ख्या महिन्यात १३० झाले होते. मेलेल्यांत निम्म्याहून अधिक साठीच्या पुढचे. वीज तासन्‌तास नसे, कारण वीज कंपनी कर्जात बुडालेली. राजधानीच्या काही भागांत बर्फ पावापेक्षा महाग विकला जात होता. रोजा हा जीवावर बेतण्यासाठी नाही. आजाऱ्याला, प्रवाशाला, दूध पाजणाऱ्या आईला सूट आहे. पण फ्रीज बंद, पंखा बंद, अशा घरात रोजा नसलेला म्हातारा तरी कसा जगणार? मानवी हस्तक्षेपामुळे हवामान बदलले नसते, तर अशी लाट आलीच नसती, असा शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. आणि जगाच्या एकूण धुरात मालीचा वाटा नगण्य आहे.

लष्करी राजवटींना तिथे पाठिंबा नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २०१२ पासून या भागात जिहादचे नाव घेणाऱ्या टोळ्यांनी गावेच्या गावे उठवली आहेत. मेलेल्यांत बहुसंख्य मुस्लिमच आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. निवडून आलेली सरकारे भ्रष्ट होती, फ्रान्सचे सैन्य दहा वर्षे बसूनही काही करू शकले नाही. तेव्हा कोणी कर्नल टीव्हीवर येऊन ‘आता आम्ही बघतो’ म्हणाला, की लोक नाचले. मला तो आनंद समजतो. पण पुढे काय झाले तेही पाहू. फ्रेंच गेले, रशियन भाडोत्री सैनिक आले. जुलैमध्ये मालीच्या उत्तरेला तिनझावातेन इथे ते सैनिक आणि मालीचे जवान मोठ्या संख्येने मारले गेले. १७ सप्टेंबरला थेट राजधानीतल्या जवानांच्या प्रशिक्षण केंद्रावर आणि विमानतळावर हल्ला झाला. बुर्किनातल्या बार्सालोघो गावात २४ ऑगस्टला, लष्कराच्या सांगण्यावरून खंदक खणायला गेलेल्या गावकऱ्यांवर दहशतवाद्यांनी गोळीबार केला. शंभराहून जास्त माणसे एका सकाळी गेली. सुरक्षेच्या नावाने सत्ता घेतली, आणि सुरक्षाच मिळाली नाही.

बुर्किनाचे कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी मे महिन्यात आपली मुदत आणखी ६० महिन्यांनी वाढवून घेतली. त्यांना आपल्याकडच्या तरुणांच्या मोबाइलवरही चाहते आहेत. बेरेट टोपी, करारी भाषण, मागे संगीत. त्या चित्रफितींत न दिसणारी एक बातमी सांगतो. ऑगस्टमध्ये बुर्किनातल्या किमान सात सरकारी वकील आणि न्यायाधीशांना सक्तीने लष्करात भरती होण्याचे हुकूम आले. त्यांतल्या काहींनी राजवटीच्या समर्थकांविरुद्धच्या प्रकरणांत हात घातला होता. त्यांना थेट दहशतवाद्यांविरुद्धच्या मोहिमेवर पाठवायचे होते. सेनेगलमध्ये सात न्यायाधीशांनी राष्ट्राध्यक्षांचा हुकूम फाडला आणि ते रात्री आपापल्या घरी जेवायला गेले. बुर्किनात कायदा चालवू पाहणाऱ्या सात जणांना बंदूक हातात घ्यायला सांगितले. दोन देशांमध्ये साधारण सहा महिन्यांचे आणि एका मालीचे अंतर.

नायजरमध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बाझूम जुलै २०२३ पासून पत्नीसह कैदेत आहेत. त्यांनी राजीनाम्यावर सही केलेली नाही, हाच बहुधा त्यांचा गुन्हा. जून २०२४ मध्ये त्यांचे कायदेशीर संरक्षणही काढून घेतले गेले. २०२५ चा रमजान हा कैदेतला त्यांचा दुसरा रमजान होता. या तीन राजवटींनी ६ जुलैला न्यामे इथे आपला वेगळा महासंघ काढला आणि १९७५ पासून चालत आलेला इकोवास हा पंधरा देशांचा संघ सोडला. तो सोडल्यावर २९ जानेवारी २०२५ ला शिक्कामोर्तब झाले. या संघामुळे बामाकोचा कामगार व्हिसाशिवाय आबिजानला जात असे, कांद्याच्या गोणी नायजरहून घानापर्यंत पोहोचत. त्या आता कशा जातील, याची चर्चा अजून सुरूच आहे.

सेनेगलच्या पोटात बोटासारखा घुसलेला चिमुकला देश म्हणजे गॅम्बिया. तिथले २०२४ चे प्रकरण मला फार महत्त्वाचे वाटते. लहान मुलींची खतना करण्यावर तिथे २०१५ पासून बंदी आहे. तरी १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ७३ टक्के स्त्रिया यातून गेलेल्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये पहिल्यांदाच तीन बायांना या गुन्ह्यात दंड झाला. एका इमामांनी तो दंड भरला आणि बंदीच उठवा अशी मोहीम सुरू झाली. मार्चमध्ये विधेयक आले. १८ मार्चला, रमजानच्या पहिल्या आठवड्यात, ते ४२ विरुद्ध ४ मतांनी समितीकडे गेले. जगात कुठेही अशी बंदी मागे घेतली गेली नव्हती. इथे ती जाणार असेच सगळे धरून चालले होते. ५८ जणांच्या त्या संसदेत स्त्रिया फक्त पाच.

त्यानंतर चार महिने ज्या बाया यातून गेल्या होत्या त्या बोलत राहिल्या. समितीपुढे बोलल्या, खासदारांच्या दारात बोलल्या. डॉक्टर बोलले. काही उलेमांनीही सांगितले की ही रीत आहे, दीन नाही. इजिप्तमधल्या अल-अझहरच्या विद्वानांनी तर २००७ मध्येच याला शरीयतमध्ये आधार नसल्याचे म्हटले होते. १५ जुलैला संसदेने विधेयकाची एकेक कलमे फेटाळली आणि बंदी कायम राहिली. मार्चमधले बेचाळीस जण जुलैपर्यंत कसे विरघळले, हा राज्यशास्त्राच्या वर्गात शिकवण्यासारखा धडा आहे. आपल्यालाही हा विषय परका नाही. मुंबईतल्या बोहरा समाजातल्या काही स्त्रियांनी या प्रथेविरुद्ध तोंड उघडले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवले गेले. मजहबच्या नावाने काय खपवले जाते आणि खरोखर मजहबमध्ये काय आहे, हे विचारण्याचा हक्क त्या घरातल्या बाईला सगळ्यात आधी आहे, असे मी मानतो. कोणाला राग आला तरी.

नायजेरियाबद्दल थोडक्यात. हा या भागातला लोकसंख्येने सगळ्यात मोठा देश, आणि त्याचे हे वर्ष भुकेचे गेले. अन्नधान्याची महागाई वर्षाच्या मध्याला ४० टक्क्यांवर होती. ऑगस्टमध्ये तरुणांनी भुकेविरुद्ध मोर्चे काढले, त्यांत गोळीबार झाला. सप्टेंबरमध्ये धरण फुटून मैदुगुरी शहर बुडाले. आणि डिसेंबरमध्ये, नाताळच्या आसपास, मोफत अन्न आणि भेटवस्तू वाटपाच्या तीन ठिकाणी चेंगराचेंगरी होऊन साठहून अधिक जीव गेले. इबादान शहरात तर ३५ लहान मुले. आपल्याकडे जकातीच्या, रेशन किटच्या वाटपाला फाटकाबाहेर गर्दी करवून फोटो काढणाऱ्या दानशूरांना ही बातमी वाचून दाखवावीशी वाटते.

घानामध्ये ७ डिसेंबरला मतदान झाले. सत्ताधारी पक्षाने पहिल्यांदाच एका मुस्लिमाला, उपाध्यक्ष महामुदू बावुमिया यांना, उमेदवारी दिली होती. देश बहुसंख्य ख्रिस्ती. ते हरले, पण धर्मामुळे नव्हे, महागाईमुळे, असे बहुतेकांचे मत. अधिकृत निकाल येण्याआधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विजेत्या जॉन महामांना फोन केला. मार्चमध्ये अमादू बा, डिसेंबरमध्ये बावुमिया. हरलेल्याने वेळेवर केलेला एक फोन किती रक्त वाचवतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सेनेगलकडे परत येऊ. नोव्हेंबरच्या संसद निवडणुकीत सोंको यांच्या पक्षाने १६५ पैकी १३० जागा जिंकल्या. आता विरोधक अडवतात ही सबब उरली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी जाहीर केले की आधीच्या सरकारने तूट आणि कर्ज यांचे आकडे लपवले होते. परिणामी नाणेनिधीची मदत अडकली, आणि ज्या तरुणांनी नोकऱ्यांसाठी मत दिले त्यांना थांबा म्हणण्याची वेळ आली. ते तरुण थांबतातच असे नाही. रंगीत मासेमारी होड्यांमधून स्पेनच्या कॅनरी बेटांकडे जाणाऱ्यांची संख्या २०२४ मध्ये विक्रमी, ४६ हजारांवर गेली. त्यांत मालीचे तरुण होते, सेनेगलचेही. सप्टेंबरमध्ये मबूरच्या किनाऱ्यापासून काही मैलांवरच एक होडी उलटली आणि किनाऱ्यावरच्या आयांनी दिवसेंदिवस प्रेते ओळखली. मतपेटीने सरकार बदलले, समुद्राकडे जाणारी वाट अजून तीच आहे.

फ्रान्सशी असलेला हिशेबही या वर्षी वेगळ्या रीतीने मांडला गेला. १ डिसेंबर १९४४ रोजी डाकारजवळ तियारोय छावणीत, जर्मनांच्या कैदेतून परतलेल्या आणि थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच लष्करानेच गोळ्या झाडल्या होत्या. फ्रान्ससाठी लढलेली ही माणसे. फ्रान्सने ३५ मृत्यू कबूल केले; इतिहासकार याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. ऐंशीव्या स्मृतिदिनाच्या तोंडावर फ्रेंच राष्ट्राध्यक्षांनी पत्र लिहून त्याला ‘कत्तल’ हा शब्द वापरला. त्याच आठवड्यात फाय यांनी सांगितले की सार्वभौम देशात परदेशी लष्कराचे तळ नसतात, फ्रेंच सैन्याने जावे. बामाको आणि न्यामेहूनही फ्रेंच गेले, पण तिथे झेंडे जाळले, राजदूत हाकलले. इथे मुलाखत दिली, मुदत ठरवू म्हटले आणि स्मृतिदिनाला फ्रेंच मंत्र्याला पहिल्या रांगेत बसवून सैनिकांच्या कबरींसमोर उभे केले.

भारताचा संबंध म्हणाल तर तो ताटातून आहे. सेनेगलचा राष्ट्रीय पदार्थ ‘चेबु जेन’, म्हणजे मासळी-भात, अख्ख्या तांदळाचा नव्हे तर कणीचा करतात. आपण ज्या कणीची पेज करतो किंवा जी कोंबड्यांना टाकतो, तीच तिकडे सणाचे अन्न. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली, तेव्हा डाकारच्या स्वयंपाकघरांत काळजी पसरली आणि पुढे सेनेगलसाठी खास परवानगी द्यावी लागली. उलट दिशेने पश्चिम आफ्रिकेतून कच्चा काजू येतो आणि गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या कारखान्यांत फोडला जातो. ईदच्या शीरखुर्म्यात पडणारा काजू वेंगुर्ल्याचा म्हणून आणलेला असला, तरी त्याचे झाड गिनी-बिसाऊचे असू शकते.

२०२५ च्या रमजानमध्ये डाकारच्या चौकाचौकांत संध्याकाळी तरुण पोरे पुन्हा उभी होती. अडकलेल्या वाहनचालकांच्या खिडकीतून खजूर आणि कॉफीचा कागदी पेला आत देत होती. ख्रिस्ती बांधवांचा उपवासकाळही ५ मार्चला सुरू झाला, म्हणजे सलग दुसऱ्या वर्षी दोन्ही उपवास सोबत. फक्त गुड फ्रायडे त्या वेळी १८ एप्रिलला, ईद होऊन गेल्यावर आला. तेव्हा शेजारून आलेला न्गालाख त्या वर्षी झाकून ठेवावा लागणार नव्हता, भरदुपारी खाता येणार होता.